नवसाचा गूळ

आमच्या घरी भात पिकायचा आणि आम्ही नाचणी खायचो. आमची गरिबी सांगायला एवढं एक वाक्य पुरे. कामशेतपासून पवना नदीच्या अंगाला आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी आमची खाचरं. आंबेमोहोर असा यायचा की शिजताना वाटेवरचा माणूस थांबावा. पण तो शिजायचा दुसऱ्यांच्या घरी. आमचा भात खळ्यावरनं पोत्यात जायचा आणि पोतं कामशेतच्या व्यापाऱ्याकडे. आमच्या चुलीवर नाचणीची भाकर, आणि आषाढात तीही सरली की वरईची पेज, बांबूचे कोंब, रानातला कसलातरी पाला. गूळ बघायचा तो दिवाळीला, नाहीतर घरात बाळंतीण असली तर.

माझ्या आधीची दोन भावंडं गेली. मी राहिलो, पण कसा, तर काटकुळा. बरगड्या मोजून घ्याव्या असा. आईनं वाघजाईला नवस बोलला होता : "ह्यो जगू दे. शिकू दे. खुर्चीवर बसू दे. अंगानं भरू दे. मग त्याच्या भारंभार गूळ तुज्या दारात वाटीन."

जगलो. शिकलो. दादा, म्हणजे माझे वडील, मी कॉलेजात असतानाच गेले, तरी आईनं दुसऱ्याच्या बांधावर राबून मला पुण्यात ठेवलं आणि मी बी. ए. झालो. आमच्या गावातला पहिला. हे मी अभिमानानं लिहितो. ज्याला खटकत असेल त्यानं पुढं वाचू नये. तालुक्याच्या कचेरीत नोकरी लागली, म्हणजे खुर्चीही झाली. तेव्हा गुरव आईला म्हणाला, "आये, आता फेडून टाक की नवस."

आई म्हणाली, "आत्ता तोलला तर देवी म्हणंल, हाडकं दावून मला फसवती. भरू दे जरा."

नवसातलं चौथं तेवढं राहिलं होतं. पुढं जे झालं ते सगळं ह्या चौथ्यातनं झालं, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, तसं काही नाही, व्हायचं ते झालंच असतं. माझं अजून ठरलेलं नाही.

भरलो

लग्न झालं, लोणावळ्याला खोली घेतली. माझी बायको सुमती तळेगावची, सातवी शिकलेली, हाताला चव असलेली. घरी भात शिजायला लागला. दोन्ही वेळा भात, वर तूप. मला सांगा, ज्यानं लहानपणी भाताचा नुसता वास घेतलाय, तो ताटात भात आल्यावर मोजून खाईल का?

त्यात माझं काम गावोगाव फिरायचं, पण आता पायी नव्हे, जीपनं. ज्या चढणीवर शाळेला जाताना छाती फुटायची, तिथं मी बसून जाऊ लागलो. आणि गावात गेलं की चहा. साखर तेव्हा रेशनवर. घरचे लोक गुळाचा चहा प्यायचे आणि डब्याच्या तळाशी जपलेली साखर साहेबासाठी काढायचे. कपात चमचा उभा राहील इतकी. ती साखर म्हणजे त्या घराची अब्रू. नको म्हटलं तर लगेच, "व्हय बाबा, आता सायेब झाला, गरिबाचा च्या कशाला चालंल?" मी त्यांच्यातलाच. मला ते बोलणं लागायचं. मी कप रिकामा करायचो. मग शेजारचा म्हणायचा, "आमच्याकडं पायधूळ न्हाई का झाडायची?" तिथंही एक कप.

पोट आलं. कामशेतचा शिंपी माप घेताना म्हणाला, "साहेब, आता कापड जादा आणा." मी घरी येऊन हे हसत सांगितलं. आई गावाहून आली होती. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. दृष्ट लागण्यासारखी गोष्ट होती ती! गावच्या जत्रेत पारावर म्हातारे म्हणायचे, "बघा, खातंपितं घर दिसतंय." ह्या पोटाला कुणी रोगाचं नाव दिलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. रोग म्हणजे ज्यात माणूस वाळतो. आम्हाला तेवढंच माहीत.

आईनं ठरवलं, येत्या जत्रेत गुळाची तुला करायची.

ओसरलो

आणि नेमका मी उतरायला लागलो.

आधी तहान. माठ माझ्याशेजारी ठेवावा लागायचा. मग लघवी, कचेरीत साहेबांसमोरून उठून जायची लाज वाटावी इतक्यांदा. भूक तर अशी की जेवून उठलं की पुन्हा बसावंसं वाटे. खातोय दुप्पट आणि विजार ढिली होतेय. हे गणित मला सुटेना. सुमती म्हणायची, "अहो, डॉक्टरांना दाखवा." मी म्हणायचो, "भूक लागणारा माणूस कधी आजारी असतो का?"

मागच्या दारी मी जिथं लघवीला बसायचो तिथं मुंग्या लागायला लागल्या. काळ्या, मोठ्या, रांगेनं. आई एव्हाना आमच्याकडेच राहायला आली होती; सुमतीनं तिला ते दाखवलं. आई म्हणाली, "मुंग्या बरकत बघून येत्यात." तिला काळजी होती ती वेगळीच. जत्रा जवळ येत होती आणि माझा भार कमी होत होता. तिनं मला दुधात गूळ घालून द्यायला सुरुवात केली. शिरा. गुळपोळी. "खा बाबा. देवीच्या मालाला गळती लागली."

मी खात होतो आणि गळत होतो. बी. ए. ला मला अर्थशास्त्र होतं. उत्पन्न वाढूनही शिल्लक का घटते, हे तिथं शिकवलं होतं. पण ते माणसाच्या अंगाला कसं लावायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

खिळा

एका संध्याकाळी कान्ह्याकडची गावं करून घरी आलो. बूट काढले. सुमती पाणी घेऊन आली आणि तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली.

"अहो, मोज्याला काय लागलंय?"

उजवा मोजा पुढच्या बाजूला रक्तानं भिजून काळा झालेला. बुटात हात घातला तर टाचेखालचा नव्हे, पुढचा एक खिळा तळ फोडून वर आलेला. दिवसभर मी त्या खिळ्यावर उभा होतो, चाललो होतो, लोकांशी हसून बोललो होतो. मला कळलं नव्हतं.

मला आजारपणातली सगळ्यात मोठी भीती वाटली ती त्या क्षणी. दुखतं म्हणून माणूस घाबरतो. मी दुखत नाही म्हणून घाबरलो. लहानपणी अनवाणी रान तुडवलेलं. करवंदीचा काटा रुतला तर कुठल्या झाडाचा हेही तळव्याला कळायचं. तो तळवा कुठं गेला?

तरी मी हळद भरून बोट बांधलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. आमच्या घरचा नियम : दुखत नाही म्हणजे काही नाही. पायाची करंगळी आणि तिच्याखालची जागा सुजली, वास यायला लागला, तेव्हा सुमतीनं टांगाच दारात आणून उभा केला. म्हणाली, "बसा, नाहीतर मी टांग्यासमोर आडवी पडते." लोणावळ्याच्या दवाखान्यात मी असा पोचलो.

निदानाचा दिवस

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. पाय बघून त्यांनी पायाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "तहान लागते? मुंग्या लागतात लघवीला?"

ह्यांना मुंग्यांचं कसं कळलं? मी सुमतीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं तांबडं. त्यांनी मान हलवली. "तुमच्या लघवीतून साखर जाते. मधुमेह आहे. बराच जुना असावा."

"साखर? डॉक्टर, रेशनवर मिळते तेवढीच आमच्या घरी येते."

"नुसती साखर खाण्याचा प्रश्न नाही. बसून काम, भात, चहा, वाढलेलं वजन."

"पण वजन तर उतरतंय."

"तेही वाईट."

"म्हणजे वाढलं ते वाईट आणि उतरलं तेही वाईट?"

"हो," ते म्हणाले.

मी हसलो. खरंच हसलो. मग विचारलं, "हा शेठ लोकांचा रोग ना? बंगलेवाल्यांचा? मी कुणब्याचा मुलगा आहे." मला वाटलं, त्यांची काहीतरी चूक होतेय, चुकीच्या घरी आलेला पाहुणा आहे हा, पत्ता सांगितला की जाईल. ते म्हणाले, "तुम्ही आता खुर्चीवर बसता ना?"

खुर्ची नवसातली होती.

शेजारची खाट

दवाखान्यातला दिवस नळीनं सुरू व्हायचा. मग इन्सुलिनची सुई. काचेची पिचकारी उकळत्या पाण्यात खुळखुळायची, तो आवाज आला की मी दंड पुढं करायचो. मग दोन फुलके, मेथी, मुगाचं पाणी. मग पायाची पट्टी सोडणं. पट्टी सोडताना मी खिडकीतून तुंगार्लीकडच्या डोंगराकडे बघत राहायचो.

शेजारच्या खाटेवर कोंडीआबा होते. डोंगरावरच्या वाडीतले, म्हातारे, वाळलेल्या कारवीसारखे. अंगावर मांस नाही म्हणून सुई कुठं द्यायची हा नर्सबाईंना रोजचा प्रश्न. त्यांना आजार कुठला? माझाच.

मला हे पटेना. मी डॉक्टरांना विचारलं, "मी खाल्लं, बसलो, सुटलो, म्हणून मला झाला. ह्यांनी जन्मात वरई आणि कंद सोडून काय खाल्लं? डोंगर चढण्याशिवाय दुसरं काय केलं?"

डॉक्टरांनी कोंडीआबांच्या खाटेकडे बघितलं. मग म्हणाले, "काही लोकांना असाही होतो. का होतो, ते सगळं आम्हालाही ठाऊक नाही."

कोंडीआबांनी ते ऐकलं. म्हणाले, "सायेब, तुमी खाऊन हितं आला, मी उपाशी ऱ्हाऊन हितं आलो. रस्ता येगळा, पर खाट शेजारी. बोला आता."



प्रसाद

आई रोज दुपारी यायची. तिचं म्हणणं स्वच्छ होतं : नवस लांबवला म्हणून देवी कोपली. नवस फेडायला तिचा मुलगा आता उभाही राहू शकत नव्हता, मग निदान देवीचा प्रसाद तरी त्याच्या तोंडात रोज पडावा. ती गावाला जाऊन वाघजाईपुढं गुळाची ढेप ठेवून आली होती. त्यातले खडे पदराला बांधून आणायची. कपाळाला अंगारा लावायची, जिभेवर खडा ठेवायची. चांगला लिंबाएवढा. निघताना सकाळसाठी एक पुरचुंडी उशीखाली.

डॉक्टर रोज सकाळी विचारायचे, "बाहेरचं काही खाल्लं का?"

मी म्हणायचो, "नाही."

मी खोटं बोलत नव्हतो. हे शहरातल्या वाचकाला समजावणं अवघड आहे, तरी सांगतो. आमच्यात एकादशीचा कडकडीत उपास असलेला माणूसही देवळातला प्रसाद घेतो आणि उपास मोडत नाही. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे. जेवण कुठलं, फराळ कुठला, हे घरातल्या पोरालाही कळतं. प्रसाद त्यात कधी धरतच नाहीत. मला विचारलं असतं, 'आज काय काय पोटात गेलं?' तरी मला गूळ आठवला नसता.

नळी रोज तांबडी होत होती. सुई वाढत होती. पाय भरत नव्हता. करंगळी काळी पडली आणि डॉक्टरांनी ती काढली. त्याचंही मला फारसं दुखलं नाही. पट्टी बदलताना जिथं करंगळी असायची तिथं बघितलं आणि एकदम वाटलं की हा पाय दुसऱ्या कुणाचा आहे.

मग काळेपणा वर सरकू लागला. डॉक्टर सुमतीला बाजूला घेऊन बोलले; पण वॉर्ड केवढा, सगळं ऐकू आलं. "असंच राहिलं तर पुण्याला न्यावं लागेल. तिथं गुडघ्याखालून कापतील."

गुडघ्याखालून. मी माझ्या पायाकडे बघितलं. ह्या पायानं मी डोंगर चढून शाळेत गेलो होतो. सरकारनं मला खुर्ची दिली, जीप दिली. पाय मात्र माझा होता.

त्या दिवशी व्हरांड्यात सासू-सुनेचं वाजलं. आईनं शिऱ्याचा डबा आणला होता आणि सुमतीनं तो अडवला.

"आत्याबाई, डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"डाक्टरनं सांगितलं, अन् तू ऐकलं. नवऱ्याला उपाशी मारून पाय वाचतो व्हय गं? माणूस खातो तवा जखम भरती. बाळंतिणीला काय देत्यात, नुसता मेथीचा पाला?"

"मग नेऊ का पुण्याला? कापू द्या पाय. मग घाला शिरा."

आई डबा घेऊन परत गेली. पण पदरातला खडा माझ्या तोंडात घालूनच गेली. तो सुमतीनंही अडवला नाही. प्रसाद कोण अडवणार?

मुंग्या

सकाळी डॉक्टर फेरीला आले. माझ्या खाटेच्या पायावरनं मुंग्यांची रांग वर चढत होती, गादीच्या कडेनं, थेट उशीखाली. त्यांनी रांगेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. उशी उचलली.

"हे काय?"

"प्रसाद आहे," मी म्हणालो. अगदी सरळपणे.

"रोज घेता?"

"हो."

"मी रोज विचारतो तेव्हा नाही म्हणता."

"तुम्ही खाल्लं का विचारता. हा प्रसाद आहे, डॉक्टर."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खाटेच्या कडेला बसले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही पदवीधर आहात. मला एवढंच सांगा, प्रसाद पोटात जातो की आणखी कुठं?"

शेजारून कोंडीआबा म्हणाले, "मुंग्यांस्नी इचारा, त्यास्नी म्हाईत हाय."

पोटात जातो, हे दिसत होतं. तरी आतून काहीतरी म्हणत होतं की तो वेगळ्या वाटेनं जातो. आजही मला हे नीट सांगता येत नाही.

आईची नळी

दुपारी आई आली तेव्हा डॉक्टर थांबलेले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली. माझी नळी तिच्यासमोर उकळून दाखवायला त्यांनी दिवा पेटवला.

आई म्हणाली, "आधी माजी बघा."

"तुमची कशाला?"

"माजी बी तांबडी झाली तर मग सगळ्यांचीच व्हती, हे समजंल."

डॉक्टर हसले. पण त्यांनी ऐकलं. आईची नळी उकळली. निळी होती, निळीच राहिली. आई पुढं सरकून बघत होती. मग माझी. निळं पाणी हललं, हिरवं झालं, पिवळं झालं. आणि मग तळापासून तो तांबूस रंग वर चढला.

आईनं नळीकडे पाहिलं. पदराची गाठ सोडली, आतला खडा बाहेर काढला आणि नळीशेजारी धरला.

"ह्यो तर माजाच गूळ," ती म्हणाली.

दिवा फडफडत होता.

"म्या देवीचा म्हणून दिला. त्यो ह्याच्या अंगाला लागलाच न्हाई. सगळा हितनं भाईर." मग एकदम, "पाय माज्यामुळं जातोय व्हय?"

"पाय अजून गेलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग देवीला मी काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. मी पायाचं बघतो."

आईनं तो खडा पुन्हा गाठीत बांधला. उठताना सुमतीच्या खांद्यावर हात टेकला. त्या दोघींमधे माफी वगैरे काही झाली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पण जाताना आई म्हणाली, "तुजी मेथी दे त्याला."

औषध की विष

गूळ थांबला. सुई तेवढीच होती. आणि एका दुपारी मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं कोंडीआबा दोन दिसायला लागले. आई जवळच होती. ती ओरडली, नर्सबाई धावल्या, डॉक्टर आले आणि त्यांनी काय करावं? पेल्यात साखर ढवळून माझ्या तोंडाला लावली!

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्या दिला तर इख, तुमी दिली तर औशिद?"

डॉक्टरांनी समजावलं की सुईनं रक्तातली साखर फार खाली गेली होती, म्हणून. पुढं जन्मभर मी खिशात साखरेची पुडी ठेवायची, असंही सांगितलं. म्हणजे साखर खायची नाही, पण साखरेवाचून घराबाहेरही पडायचं नाही. आई मला म्हणाली, "ह्यांचं एक काय ते ठरलंय का, इचार की." मी विचारलं नाही. मलाही ते अर्धंच कळलं होतं. पुडी मात्र ठेवतो.

सुई कमी झाली. हळूहळू नळी पिवळी राहू लागली, मग हिरवी. पायाचा काळेपणा जिथं होता तिथं थांबला. एके सकाळी पट्टी सोडताना मी ओरडलो. दुखलं! नर्सबाई घाबरल्या आणि मी हसत सुटलो. दुखणं ही इतकी चांगली बातमी असते हे मला माहीत नव्हतं.

कोंडीआबा माझ्या आधी घरी गेले. वाडीवर सुई उकळायची कुणी, द्यायची कुणी, औषध थंड ठेवायचं कुठं, ह्याचं उत्तर नव्हतं. जाताना म्हणाले, "सायेब, पाय जपा. माजे बी दोन जपतो." पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. मी चुकीचं वागून वाचलो आणि त्यांनी काही चुकीचं केलेलं नसताना ते गेले. हे असं का, हा प्रश्न माझ्याजवळ अजून तसाच आहे. डॉक्टरांजवळही होता.

गोड सोडलंय

घरी आलो तरी चहा होताच. "डॉक्टरांनी मना केलंय" म्हणून पाहिलं. लोक म्हणायचे, "एका कपानं काय हुतंय?" आजाराचं निमित्त आमच्याकडे कुणी मानत नाही. माणूस चालतोय, बोलतोय, मग कसला आजार?

तोड आईनं काढली. ती वाघजाईला जाऊन आली आणि मला म्हणाली, "देवीला सांगून आले. ह्यो आता भरायचा न्हाई. जेवढा हाय तेवढा घे. अन् त्यानं तुज्या नावानं गोड सोडलं, जलमभर."

"माझ्या वतीनं तू सोडलंस?"

"मग? तू सोडला असतास?"

त्या दिवसापासून मी गावात गेलो आणि साखरेचा डबा निघाला की सांगायचो, "गोड सोडलंय. देवीचं आहे." लगेच डबा झाकला जायचा. "आगं, सायबाचं गोड सुटलंय. बिनसाखरेचा टाक." कुणाची अब्रू गेली नाही. ज्यांना हा आजार आहे आणि ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. देव मानत असाल तर असं करून बघा. मानत नसाल तर दुसरं काही शोधा, पण लोकांना पटेल असं शोधा. नुसतं शास्त्र पुरत नाही.

जवळच्या गावांना मी जीप सोडून पायी जाऊ लागलो. कचेरीतले म्हणाले, सरकारी जीप सोडणारा पहिलाच पाहिला.

तुला

पुढच्या चैत्रातल्या जत्रेत देवळापुढच्या आंब्याला भाताच्या वखारीतला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात ढेपा रचलेल्या. मी कॅनव्हासचे मऊ बूट घालून आलो होतो. डॉक्टरांनी अनवाणी एक पाऊल टाकायची बंदी केली होती.

गुरव म्हणाला, "साहेब, पायातलं काढा."

आई पुढं झाली. "न्हाई काढायचं. तराजू देवळाच्या भाईर हाय. बुटासकट तोल."

"आये, बुटाचा भार बी गुळात धरायचा?"

"धर की. न्हाईतरी माल कमीच भरलाय. देवीचं थोडं जादाच जाऊ दे."

माणसं हसली. मी पारड्यात बसलो. पारडं उचललं, डुललं आणि स्थिर झालं. आईनं हात जोडले. ढेपा तिथंच फोडल्या आणि गावाला वाटल्या, वरच्या वाड्यांनाही. गुरव माझ्यापुढं खडा घेऊन आला, तेव्हा आईनं मधेच तळहात धरला. "त्याचा माज्या हातावर ठेव." तिनं तो डोळ्यांना लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

मी उतरलो आणि घरापर्यंत चालत गेलो.

करंगळी गेली. पाय राहिला. आमच्या घरी आता भात पिकतो, आणि मी नाचणीची भाकर खातो. सकाळची नळी आईच उकळते. आज निळी होती.